मला चढली होती

आमच्या घरात गोष्टी रंगवून सांगायचं खातं माझ्याकडे आहे. त्यात ‘आखाडात मला चढली’ ही गोष्ट सगळ्यात चालते. बारशाला, साखरपुड्याला खास फर्माईश होते. मी डुलून दाखवतो, पोट हलवून दाखवतो, पोरं हसून लोळतात. खरी गोष्ट मात्र मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय—ते मलाही नीट कळत नाही.

श्रावण लागण्याआधी आमचे सगळे भाऊबंद पिंपळगावला, मामेभावाच्या मळ्यात जमतात. द्राक्षं भरायच्या शेडमध्ये सतरंज्या, चुलीवर काळ्या मसाल्याचं मटण, बाटल्या. नियम एकच—आखाडात पिऊन कोण काय बोललं, ते श्रावणात उकरायचं नाही. या नियमावर आमच्याकडे कित्येकांची नाती टिकली आहेत.

त्या वर्षी धाकट्या भावाची, संजयची, पुण्यातली नोकरी गेली होती. त्याला नाशिकला यायचं होतं, आमच्या वरच्या मजल्यावर. वडिलांनी तो त्याच्यासाठीच बांधलेला. आई रोज विचारायची, संजू कधी येतोय? आणि मला—मला तो मजला मुलाच्या लग्नानंतर हवा होता. मुलगा तेव्हा सातवीत होता. माझी दूरदृष्टी अशी.

पण भावाला तोंडावर नाही म्हणायचं कसं?

जेवणं सुरू होती. मी डुलत उठलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, “संज्या, बापाच्या जिवावर शिकलास, आता भावाच्या डोक्यावर बसणार का? लाज असेल तर माझी पायरी चढू नकोस.”

त्याच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. मामेभाऊ म्हणाला, चढली याला, बसवा खाली. दोघांनी मला बसवलं.

संजयने मजल्याचा विषय पुन्हा काढला नाही. एकलहऱ्याकडे, कोळशावरच्या वीजकेंद्राजवळ दोन खोल्या घेतल्या. तिथे वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते, असं त्याची बायको कधीतरी बोलली होती. आई आजारी पडली तेव्हाही तो यायचा, खालीच बसायचा, निघून जायचा. ती गेली तेव्हा वरचा मजला रिकामाच होता.

‘चढली होती’ असं माणूस म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणतो? इतरांचं मला ठाऊक नाही. मी म्हणालो, त्याचा अर्थ एवढाच होता—बोललो ते सगळं मनातलं, पण माझ्याकडे बघू नका.

कारण माझ्या पेल्यात कोला होता. नुसता कोला. पित्ताच्या गोळ्या चालू होत्या, डॉक्टरांनी थेंबही वर्ज्य केला होता. ती वाक्यं मी सकाळी अंघोळ करताना जुळवली होती. ‘पायरी’ सुचली तेव्हा—सांगायला लाज वाटते—मी खूश झालो होतो.

त्या दुपारी मला घरी कोण सोडणार? संजयच उठला. माझ्या काखेत हात घालून त्याने मला गाडीपर्यंत नेलं, मागच्या सीटवर आडवं केलं, डोक्याखाली स्वतःचा टॉवेल ठेवला. हायवेला लागल्यावर म्हणाला, “दादा, मनाला लावून घेऊ नकोस. तू नव्हतास बोलत, दारू बोलत होती.”

मी घोरायला लागलो. मला झोप लागली असं समजून त्याने गाडी हळू केली—आणि नाशिक येईपर्यंत एकेक खड्डा चुकवत राहिला.