मँडोलिनचा पिक

हार्मोनियमचा भाता दुरुस्त होईपर्यंत मी दुकानातच बसून होतो. समोर साठीच्या एक बाई मँडोलिनसाठी पिक निवडत होत्या. पिक म्हणजे तारा छेडायचा प्लॅस्टिकचा तिकोनी तुकडा. प्रत्येक पिकाने त्या तीच ओळ वाजवत होत्या. कुठला पिक आहे ते दिसू नये म्हणून त्यांचे यजमान पाठ करून बसले होते.

"आता?"

"पातळ आहे. प्लॅस्टिकच टकटकतंय."

मला वाटायचं, आवाज बघून पिक घेतात. इथे तर स्वतःचा आवाज नसलेला पिक शोधणं चाललं होतं. काही माणसंही अशीच असतात. त्यांची चाहूल लागत नाही, घर मात्र छान वाजत राहतं.

जरा जाड पिक आला. "हां, आता नुसती तार," यजमान म्हणाले आणि वळले. त्यांचा उजवा हात मांडीवर निपचित पडला होता.

"मँडोलिन यांचंच," बाई दुकानदाराला म्हणाल्या. "हात चालेनासा झाल्यापासून मला शिकवताहेत."

त्यांनी डाव्या हाताने पिक घेतला, त्याची कड पँटवर घासून गुळगुळीत केली आणि बायकोच्या बोटांत ठेवला.

"नवी कड खरखरते. आता वाजव."

पिक तर ठरला होता. तरीही ते पुन्हा पाठ करून बसले.