तनूचा दिनविशेष

बायांनो, अजून छातीत धडधड होऊन राहिली. आधी तुमाला सांगते, मग भाकरी थापते.

आज शाळेच्या परिपाठात दिनविशेष सांगायची पाळी माझ्या नातीची, तनूची होती. आजच्या तारखेला कोणती गाणारीण जन्मली, कोणत्या कवीचं पहिलं पुस्तक आलं, ते समद्या शाळेसमोर सांगायचं. अन् आमचं लेकरू तर बोलताना अडकते.

डबा द्यायच्या निमित्तानं मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. तनूनं माईक धरला. "आज... आ... आ..." पुढं शब्दच न्हाई. मागून एक पोरगं म्हणलं, "रेंज गेली वाटतं!" समदे हसले.

तनूनं डोळे मिटले अन् चक्क माझ्या जात्यावरच्या ओवीची चाल धरली! (दळण आता गिरणीत जाते, पण तिला निजवताना मी ओव्याच म्हणते.) त्या चालीत तिनं गाणारणीचा जन्म गायला, कवीचं पुस्तक गायलं. कुठंच अडकली न्हाई. हसणारं पोरगंबी टाळ्या वाजवू लागलं.

सर कुंपणापाशी येऊन म्हणले, "आजी, उद्याबी तनूच सांगणार."

चाल तर तयार हाय. उद्याच्या तारखेला कोण गाणारं, कोण लिहिणारं जन्मलं, ते ठावं असल तर खाली लिहा की. आमाला रातच्याला बसवायचं हाय.