चोचीचं अक्षर

"अब्बा, हे नाही चालत."

"काहून नाही चालत? हुबेहूब तं काढलं!"

"हुबेहूब काढलं म्हणूनच नाही चालत."

मंगरूळपीरच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या गल्लीत, घराच्या ओट्यावर बसलेला गुलाम नबी पेंटर लेकीच्या तोंडाकडे पाहतच राहिला. मांडीवर पुठ्ठा. पुठ्ठ्यावर मोटारसायकलची टाकी, आणि टाकीवर कंपनीचं चिन्ह असं चकाकत होतं की हात लावला तर बोटाला गार लागावं. 'हुबेहूब' हा शब्द त्याने आजवर फक्त शाबासकीतच ऐकला होता.

इफ्राने समजावलं, "चिन्ह त्यायचं हाय. आपण टी-शर्टावर छापून इकलं की ते तक्रार करतात, अन् आपलं दुकान बंद. कंपनीचं नाव नाही, क्रिकेटची टीम नाही, पिच्चरचा डायलॉग नाही."

"मंग काय काढू? बकरी?"

"बकरी चालते. बकरीवर कोनाचा हक्क नाही."

"बकरीवर माहा हक्क हाय," आतून त्याच्या बायकोचा, शाहजादीचा आवाज आला. "चारा मी टाकतो. इचारल्याशिवाय काढू नोका."

या घरात हिंदी चाले, बाहेर वऱ्हाडी, आणि सगळे तावातावाने बोलायला लागले की दोन्हींचं एकच कालवण होई.

इफ्राच्या दुकानाला शटर नव्हतं. एका संकेतस्थळावर तिच्या नावाचं पान होतं. त्यावर नक्षी चढवायची. कुणाला आवडली तर तेच लोक ती टी-शर्टावर, कपावर छापून गिऱ्हाइकाच्या घरी धाडत, आणि इफ्राचा वाटा तिच्या खात्यात पडे. बी.कॉम. झाल्यावर मामाने तिच्यासाठी वाशीमला फ्लेक्सच्या दुकानात जागा पाहून ठेवली होती. दिवसभर कॉम्प्युटरवर बसून वाढदिवसांचे बॅनर करायचे. त्याच फ्लेक्सने बापाचा ब्रश खाल्ला होता. ती मामाला म्हणाली होती, "ईदपर्यंत थांबा. अब्बाच्या अक्षरावर दुकान चाललं तं ठीक. नाहीतर मी मुकाट्यानं वाशीमची बस धरतो."

म्हणून ती इतकी जपून असे. प्रत्येक शब्द आधी सरकारच्या ट्रेडमार्कच्या साइटवर टाकून पाही. कपड्यांच्या वर्गात कुणी नोंदवला आहे का, त्यासाठी कुणी अर्ज केला आहे का, सगळं पाही. शब्द मोकळा निघाला की ओट्यावर हाक येई, "अब्बा, लिहा!"

गुलाम नबीने एकदा विचारलं, "आपल्या बोलीतले शब्दबी पाहा लागतात काय?"

"पाहा लागतात. कोन कवा काय नोंदवून बसंल, नेम नाही."

"उद्या 'हौ' म्हनायले पैसे पडतीन मंग."

'हौ' मोकळा निघाला. 'तुले काय करा लागते?' हे गल्लीतलं रोजचं फटकारणंही मोकळं निघालं. गुलाम नबीने ते लाल रंगात, तिरप्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं. वरची रेघ शेवटी झोकात उचलली आणि टोकाशी खाली वळवली. आपला ब्रश त्या वळणावर कसा सुखाने फिरतो, हे त्याला नेहमीसारखंच जाणवलं. इफ्राने फोटो काढून साफ केला, चढवला. मग पुण्यात, नागपुरात, कुठल्या कुठल्या शहरात नोकरीला गेलेली वऱ्हाडी पोरं ते टी-शर्ट मागवू लागली. एकाने तो घालून लिफ्टमधला फोटो पाठवला. गुलाम नबी तो फोटो गल्लीभर दाखवत फिरला.

"पाह्य, माह्यं अक्षर लिफ्टमधी बसलं!"

"तुमी कवा बसले?" शाहजादी म्हणाली.

"अक्षर बसलं म्हंजे मीच बसलो न."

पुढची सगळी नक्षी त्याच अक्षरात झाली. मामाचा फोन यायचा बंद झाला.

आणि एका दुपारी इफ्रा मोबाइल घेऊन ओट्यावर येऊन बसली. तिचा चेहरा पाहून त्याने ब्रश डब्यात टाकला.

"तक्रार आली, अब्बा. सगळी नक्षी खाली उतरवली त्यायनं. फिरून असं झालं तं खातं कायमचं बंद. दुसरं काढू देत नाहीत."

"शब्द तं तू पाह्यला होता."

"शब्द पाह्यला होता. दोनदा पाह्यला. शब्दावर तक्रारच नाही." तिने पडदा त्याच्यापुढे धरला. "हे पाहा."

पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती. एक टी-शर्टाचं. दुसरं एका बियाण्याच्या कंपनीच्या नावाचं: लाल, तिरपं, वरच्या रेघेचं टोक पोपटाच्या चोचीसारखं वळलेलं. गुलाम नबीचा चेहरा एकदम उजळला.

"अरे, हे तं मीच लिहिलं! शेलूबाजारले, फुलसिंगच्या गोठ्याच्या भिंतीवर! याचा फोटो कोनी काढला?"

इफ्राने बोटाने आधी एक चोच दाखवली, मग दुसरी. त्याचं हसू तसंच काही क्षण चेहऱ्यावर राहिलं, मग हळूहळू उतरलं.

ऐन जवानीची वर्षं त्याने तेच लिहिलं होतं. कंपनीचा माणूस जीपमधून यायचा, नमुन्याचा कागद भिंतीशी धरायचा आणि म्हणायचा, "पेंटर, चोच बिघडली तर भिंत पुन्हा." शेलूबाजार ते वाशीम, रस्त्याकडची एकेक भिंत. शेवटी शेवटी तो कागद न पाहता लिहू लागला. त्या माणसाने पाठीवर थाप मारून त्याला म्हटलं होतं, "आता हे अक्षर तुझंच झालं." गुलाम नबीने ते खरं धरलं. मग फ्लेक्स आलं, जीप यायची थांबली, पण हाताला कुणी सांगितलंच नाही की ते अक्षर परत द्यायचं असतं.

"मले माहीत असतं," इफ्रा म्हणाली, "तं मी थांबवलं असतं. मी शब्दच पाहत बसली. अक्षराचा घाटबी नोंदवतात, माहीत होतं मले. पन वाटलं, अब्बाचा हात हाय, यात काय पाहाचं?"

"माहाच हात हाय तो."

"हौ, अब्बा."

जुन्या दोस्ताला, फुलसिंगला कळलं तसा तो शेलूबाजारहून जीपने आला. त्याच्या गोठ्याच्या भिंतीवर ते लाल नाव अजून फिकट दिसत होतं.

"पेंटर, तू कायले भेतं? त्यायलेच जाऊन सांग. इचार, तुमचं नाव या मुलखात कोनी नेलं? आमच्या भिंती फुकट, अन् तुह्यी उन्हातान्हात शिडीवर हाडं गेली. एवढं तं ऐकतीन."

"चिठ्ठी लिहून परवानगी मागता येते," इफ्रा म्हणाली. "मालकानं हौ म्हटलं तं तक्रार मागं घेतात."

गुलाम नबी वाशीमला जाऊन कंपनीचं बियाणं विकणाऱ्या दुकानात उभा राहिला. काउंटरवरच्या तरुणाने त्याला आधी शेतकरी समजून सोयाबीनची पिशवी दाखवली. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "काका, भिंती रंगवत होते काय पह्यले? मले तं माहीतच नाही." त्यात टोमणा नव्हता. पोरगं खरंच बोलत होतं. इफ्राने कंपनीला पत्र लिहिलं, जुन्या कामाची सगळी हकीकत घातली. उत्तर सभ्य होतं आणि दोन ओळींचं होतं. परवानगी देता येणार नाही.

"मंग दुसरं अक्षर काढू," गुलाम नबी म्हणाला. "अक्षराले काय तोटा?"

त्याने कागद अंथरला, ब्रश भिजवला. 'तुले' लिहिलं. रेघ उचलली आणि टोकाशी वळली. त्याने कागद बाजूला सारला. दुसरा. डोळे रेघेवर रोखून, श्वास धरून लिहिलं. शेवटच्या बोटभर जागेत मनगट आपोआप फिरलं. तिसऱ्याला त्याने रेघ मध्येच तोडली, तर उरलेल्या टोकालाच चोच फुटली.

"मी धरू काय हात?" इफ्रा म्हणाली.

ती शेजारी बसली. रेघ संपत आली की ती अंगठ्याने त्याचं मनगट दाबून धरी. रेघ सरळ निघाली. अगदी सरळ. पण अक्षर असं दिसलं, जसं कुणी मानगूट धरून उभं केलेलं पोर. तिघांनाही ते दिसलं. शाहजादीला नेहमी काहीतरी बोलायचं असे; ती उठून बकरीला चारा टाकायला गेली.

"सराव केला तं जमंल," इफ्रा म्हणाली.

"साठीत मनगट नवीन नाही बसत, बेटा." त्याने ब्रश पुसला. "तुह्यं दुकान बुडवून ठेवीन मी. एकदा जरी चोच निघाली तं गेलं. तूच म्हनते न?"

इफ्रा उठून कॉम्प्युटरपाशी बसली.

तिने कॉम्प्युटरमधलं एक अक्षर निवडलं. त्याचा परवाना ओळ न् ओळ वाचला. धंद्याला फुकट चालतं, असं त्यात लिहिलेलं होतं. तेच वाक्य तिने त्यात बसवलं आणि पडदा त्याच्याकडे फिरवला.

"कसं दिसते?"

त्याने खूप वेळ पाहिलं. "साफ हाय," तो म्हणाला.

दुकान पुन्हा उघडलं. मागणी पहिल्यासारखी नव्हती, पण वाशीमची बस टळली. इफ्रा आता शब्द तपासून झाला की ओट्यावर हाक मारत नसे. हाक मारायचं काही कारण उरलं नव्हतं.

पुढे फुलसिंगने ट्रॅक्टरला नवी ट्रॉली घेतली आणि फोन केला. "पेंटर, मागच्या फळीवर पोराचं नाव टाक. तुह्या हातचंच पाह्यजे. येतं न उद्या?"

गुलाम नबीने उजवा हात मांडीवर पालथा ठेवला होता.

"स्टिकर लावून घे फुलसिंग. वाशीमले छान भेटतात."

"स्टिकर? तू असून स्टिकर?"

"ट्रॉलीवरच्या अक्षराले कोन इचारते, अब्बा?" स्पीकरवरचं ऐकून आतून इफ्रा म्हणाली. "जा न तुमी."

"आज नाही इचारत," तो म्हणाला, आणि मग फोनमध्ये, अगदी हळू, "तुह्या पोराच्या नावावर दुसऱ्याची चोच कायले काढू, गड्या? लावून घे स्टिकर."