रॅमला लागलेलं कुंकू

चादरीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावरही वडील घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर डिझाइनं काढायचे. मोठी फाइल उघडली की तो अडकून पडायचा. मोराचं एक डिझाइन अर्ध्यावर असताना त्यांनी एक दिवस कॉम्प्युटरवर कापड टाकलं. "बास झालं. त्याचंबी वय झालं, माजंबी." मग दिवसभर खिडकीशी खुर्ची टाकून बसायला लागले. मला ते बघवेना.

खरं तर फक्त रॅम वाढवायची होती. पण मशीन स्वस्तातलं, जुनं. त्यात डीडीआर-थ्री या जुन्या प्रकारची रॅमच बसते, आणि दुकानांत आता तिच्या पुढचीच मिळते. त्या पुढच्या रॅमच्या पट्टीची खाच वेगळ्या जागी, जोर लावूनही बसत नाही. साडी नेऊन मॅचिंग ब्लाउजपीस शोधावा तसा मी जुनी पट्टी रुमालात गुंडाळून हिंडलो. एकाने तर लॅपटॉपची पट्टी गळ्यात मारायला काढली होती. शेवटी नव्या पेठेत वापरलेली, पण तंतोतंत जुळणारी मिळाली.

घरी येऊन हातपाय धुऊन चहा घेईपर्यंत ती टेबलावर होती. मग घाईघाईने बसवली, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच, आतून नुसतं टीं टीं. मी दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "सोड की आता," वडील म्हणाले आणि पुन्हा खिडकीकडे वळले. दुकानदारापेक्षा त्या वळण्याचाच मला जास्त राग आला.

पट्टी उपसली तर माझी बोटं लाल. सोनेरी कडेवर ओल्या बोटाने लावलेलं हळदकुंकू वाळून बसलेलं.

"नवी वस्तू घरात आली, तशीच बसवायची व्हय?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "चकाकतंय तितंच तोंड आसंल म्हनून लावलं."

आमच्याकडे मिक्सरपासून मोटारसायकलपर्यंत कुणीच त्यातून सुटलेलं नाही. मी चिडून फुंकर मारत बसलो. वडील उठले. चौकटीच्या कागदावर हाताने नक्षी काढायचे तेव्हाचं खोडरबर त्यांनी कपाटातून शोधून आणलं, माझ्या हातातली पट्टी घेतली आणि कड सावकाश घासून लख्ख केली.

"बसव आता."

पडदा उजळला. मोराची फाइल एका दमात उघडली. मला हायसं वाटलं. वडील बराच वेळ उभ्यानेच बघत राहिले.

"मान लई जाड झालीया की ह्याची," ते म्हणाले, आणि खिडकीजवळची खुर्ची ओढत घेऊन आले.