बोर्डासमोर चपला

मिलिटरी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आप्पा बुटांना पॉलिश करत बसले होते. मी आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, चपला घालून या.

"कर्नलसाहेबापुढं चपला?" ते म्हणाले. "वकीलसाहेब, काही लाज हाय का न्हाई?"

मी शिरूरला वकिली करतो. बरंचसं काम माजी सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनचं. गुडघा, घोटा आणि टाच यांवर माझं घर चालतं. आप्पा कवठे येमाईचे, निवृत्त हवालदार. डोंगरात गस्तीवर असताना त्यांचा उजवा घोटा मोडला आणि वाकडा जुळला. अशा क्लेममध्ये डॉक्टर-अधिकाऱ्यांचा मेडिकल बोर्ड पाय तपासतो आणि तो किती टक्के निकामी झाला ते ठरवतो. वीस टक्क्यांच्या खाली गेलं की हाती काही लागत नाही.

पहिल्या बोर्डासमोर आप्पा बूट कसून गेले होते. घट्ट बांधलेल्या बुटात वाकडा घोटाही सरळ दिसतो. त्यांनी टाच आपटून सॅल्यूट ठोकला. अध्यक्षांनी विचारलं, "कोई तकलीफ?" अधिकाऱ्यानं असं विचारल्यावर द्यायचं एकच उत्तर त्यांना फौजेनं शिकवलं होतं. "नहीं साहब."

क्लेम फेटाळला गेला. गावात पारावर विचारणा सुरू झाली, "आप्पा, पाय फौजेत मोडला का उसाच्या ट्रॉलीवरनं पडून?" पेन्शन गेल्यापेक्षा आप्पांना हे जास्त लागलं. मी अपील करून फेरतपासणी मिळवली. पुन्हा नकार आला तर कोर्ट, आणि कोर्टाला लागतात तेवढी वर्षं आप्पांजवळ उरली नव्हती.

ऑफिसात मी त्यांची तालीम घेतली. शेतात चालता तसं चाला, दुखतं तिथं दुखतं म्हणा. ते मान डोलवत राहिले. निघताना दारात वळले आणि मलाच सॅल्यूट ठोकून गेले. तेव्हाच मी बाजारातून चपला आणल्या.

व्हरांड्यात त्यांचे बूट मी जवळजवळ काढूनच घेतले. चेहरा पाडून आप्पा चपलांवर आत गेले. दार अर्धवट उघडं होतं. कर्नल काही बोलायच्या आत आप्पांची टाच फरशीवर आदळली. घोटा आत वळला. त्यांनी डाव्या हातानं टेबल धरलं. उजवा हात कपाळाशीच होता.

"कोई तकलीफ?" कर्नलनी विचारलं.

"नहीं साहब."

या वेळी मात्र एक डॉक्टर उठले, खाली बसले आणि त्यांनी तो पाय हातात घेतला.

क्लेम मंजूर झाला. पारावरची तोंडं मिटली. मी पेढे घेऊन गेलो, तर आप्पा घुश्शातच होते. "उभ्या नोकरीत एक सॅल्यूट चुकला, आन् सरकारनं नेमकं त्याचंच बक्षीस दिलं."

गेल्या महिन्यात आप्पा गेले. मुलानं त्यांचे बूट पॉलिश करून पायाशी ठेवले होते.

बोर्डाला जाणाऱ्या प्रत्येकाला मी आजही चपला घालायला सांगतो. सगळे हो म्हणतात आणि बूट घालून येतात. म्हणून बॅगेत चपलांचा एक जोड ठेवलेला असतो. आप्पांनी बोर्डाच्याच दिवशी, व्हरांड्यातच, परत केलेला.