टोकियो येडं होतं तेव्हा

भर संमेलनात, टोपीवाल्या प्रमुख पाहुण्यांसमोर, मी टोकियोला येडं म्हटलं. तेही एकदा म्हणून थांबले असते तर निभलं असतं!

साल चौसष्ट. आम्ही दिग्रसला, कापसाच्या जिनामागच्या वस्तीत राहायचो. मी सातवीत. दोन घट्ट वेण्या, आणि मधे डोकं; ते बहुतेक वेण्या अडकवायलाच दिलेलं. शाळेच्या संमेलनात भाषणाची स्पर्धा होती, आणि पहिल्या नंबराला एसटीनं यवतमाळला, जिल्ह्याच्या स्पर्धेला नेणार होते. तोवर एसटी मी फक्त बाहेरून पाहिलेली. भाषण गेलं खड्ड्यात, मला खिडकीजवळची जागा हवी होती. त्यासाठी मावशीच्या चपलाही मागून ठेवल्या होत्या, दोन बोटं मोठ्या.

जपानात नुकतंच ऑलिंपिक झालेलं, म्हणून गुरुजींनी मला विषय दिला, टोकियो शहर कसं वाढलं. ऐकून आजी फुलून गेली. छप्पन साली आमच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतला, आणि जपानातही बुद्धाला मानतात हे तिला कुणीतरी सांगितलेलं. तेव्हापासून जपानी लोक तिच्या लेखी सोयरेच. "आपल्यातल्याच लोकाइचं गाव हाय थे," ती वस्तीभर सांगत फिरली. "माही नात त्याइची सारी हकीकत सांगनार हाय. साऱ्याजनी या."

गुरुजी पानाचा तोबरा सांभाळत तोंडी सांगायचे आणि मी पाठ करायचे. पहिलंच वाक्य होतं, 'टोकियोचं जुनं नाव एडो.' आता आमच्याकडे एकाला येक म्हणतात आणि एडक्याला येडका. गुरुजी शिकलेले, म्हणून 'ये'चा 'ए' करतात, हे मला पक्कं ठाऊक. म्हणजे टोकियोचं जुनं नाव काय? तर येडं! शेवटचा 'ओ' तेवढा जपानी असेल. गावांची नावं काय, कशीही असतात. आमच्या जिल्ह्यात मुकुटबन आहे. तिथं काय झाडांना मुकुट लागतात? तालमीत मी 'येडं' म्हणायचे आणि गुरुजींना वाटायचं, पोरीची जीभ गावरान, असू दे.

संमेलनाच्या दिवशी आजी वस्तीतल्या बायका घेऊन पहिल्या सतरंजीवर बसली. मी खणखणीत सुरुवात केली.

"टोकियो पूर्वी येडं होतं."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं, भाषण आवडलं.

"तेव्हा ते खाडीकाठचं कोळ्यांचं लहानसं गाव होतं. मग तिथं किल्ला झाला. पुढं एक मोठा सेनापती आला, आणि साऱ्या देशाचा कारभार येड्यातून चालू लागला. सरदारांना हुकूम होता, एक वर्ष आपल्या मुलखात राहा आणि एक वर्ष येड्यात काढा. बायकापोरं मात्र कायमची येड्यात."

प्रमुख पाहुण्यांनी टोपी काढून तोंडावर धरली. मला चेव आला. मी पदरचंही घालू लागले.

"खाडीत माती टाकून घरं बांधली. तीही लाकडाची. गाव जळालं. पुन्हा लाकडाचीच बांधली. पुन्हा जळालं. येडंच ते! पण येडं असतानाच ते वाढत वाढत जगातल्या मोठ्यात मोठ्या शहरांत जाऊन बसलं. शेवटी सम्राट तिथं राहायला आला, आणि येडं हे नाव बदलून टोकियो ठेवलं. म्हणजे पूर्वेची राजधानी."

"मंग झालं काय वं शहानं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"पुरतं नाही," मी ठासून सांगितलं. "पुढं भूकंपात पडलं, लढाईत जळालं, तरी पुन्हा तिथंच बांधलं!"

मांडव कोसळायचाच काय तो बाकी राहिला. आजी तेवढी हसत नव्हती. शेजारणींना कोपरानं ढोसत होती, "सोयऱ्याइले हासता काय? गुमान बसा!"

पहिला नंबर 'गाईचे उपयोग' सांगणाऱ्या मुलीला मिळाला. एसटीच्या खिडकीत गाय बसली. मी राहिले दिग्रसलाच.

गुरुजींनी कपाळावर हात मारला. "अगं, एडो! एडो हे नाव आहे गावाचं! खाडीचं दार असा अर्थ आहे त्याचा!"

मावशीच्या चपला हातात घेऊन मी रडत घरी निघाले. यवतमाळ तर गेलंच, वर आजीच्या सोयऱ्यांची अब्रूही मी चारचौघांत घालवली होती. आजी मागून लगालगा आली. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी खांदे आवळले. जिनाच्या भिंतीपाशी तिनं मला थांबवलं, पदरानं माझं नाक पुसलं आणि म्हणाली,

"येडं होतं तवाच तं वाढलं ना वं थे? मंग रडून कायले राह्यली? तू बी वाढ."