मोटारीची मराठी तबकडी

माझे वडील निपाणीत घड्याळं दुरुस्त करायचे. जुन्या घड्याळांच्या तबकडीवरचे पुसट झालेले आकडे पुन्हा काढायचं काम त्यांनी माझ्याकडं दिलं होतं. डोळ्याला भिंग आणि हातात चार केसांचा ब्रश घेऊन मी लग्नाआधी पाच वर्षं ते केलं, आणि चांगलं केलं. लग्न होऊन मी बेळगावला एका डॉक्टरांच्या घरी आले. तिथं सगळी घड्याळं वेळेवर चालत होती. बिघडलेलं काही असेल तर ती यांची मोटार.

इंजिन धडधाकट होतं. पण समोरच्या फळीवरचा पेट्रोलचा काटा कधीच मोडला होता आणि आत दिवा म्हणून नव्हता. मोटार चालवायला काकतीचे एक वयस्कर शेतकरी होते, त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणत असू. पेट्रोल किती उरलंय ते टाकीत वेताची काडी बुडवून बघायचे. अंधार पडू लागला की आगपेटी काढायचे. हे मला यांनी हसत हसत सांगितलं होतं. मला काही हसू आलं नाही.

लढाई संपली तरी पेट्रोल कूपनावरच मिळायचं. त्याच दिवसांत संकेश्वरच्या अलीकडं मोटार थांबली. टाकी कोरडी पडली होती आणि पुढं रोगी वाट बघत होता. हे बॅग घेऊन तीन मैल चालत गेले. घरी आले तेव्हा बूट काढायचंही त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की काटा आणि दिवे मी बसवते. हे म्हणाले, मिस्त्री आहे की. मिस्त्री वर्षभर उद्या येतो म्हणत होता, तेवढी आठवण मी करून दिली.

कॅम्पात लष्कराच्या मोडीत काढलेल्या गाड्यांचं सामान विकायला आलं होतं. आप्पांना घेऊन मी स्वतः गेले. दुकानदार आप्पांशीच बोलत राहिला. मी एकेक काटा हातात घेऊन हलवला, कानाशी धरला, आणि अडखळत नव्हता तो निवडला. एका अमेरिकन गाडीतला होता. बॅटरी भरतेय की उतरतेय ते दाखवणारा दुसरा एक काटा आणि दोन छोटे दिवेही घेतले.

दुपारी हे जेवून पडले की आप्पा आणि मी शेडमध्ये कामाला लागायचो. आप्पा आधी बॅटरीची वायर सोडवायचे, मग मी हात घालायची. चौथ्या दिवशी काटा बसला. टाकीत तरंगणारा पत्र्याचा डबा मोटारीचा जुनाच होता, त्याची वायर काट्याला जोडली. आप्पांनी कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतलं आणि आत येऊन बघितलं.

"आक्का, हे उलटं झालं. टाकी भरंल तसा काटा रिकाम्याकडं चाललाय."

मिस्त्रीला बोलावलं तर तो लगेच आला. इंग्लिश मोटारीला अमेरिकन काटा लागत नाही, जोडी जमणार नाही, टाकून द्या, असं सांगून गेला. आप्पा खट्टू झाले. मी मात्र तासभर त्या काट्याकडं बघत बसले. तो उलटा चालत होता, पण चुकत नव्हता.

"आप्पा, तेवढ्याच पेट्रोलला काटा दर वेळी तिथंच थांबतो न्हवं?"

"व्हय, त्यात फरक न्हाय."

"मग त्याला तसाच चालू द्या. आपण तबकडी बदलू."

पुढच्या कूपनांचं पेट्रोल येईपर्यंत थांबलो. मग टाकी रिकामी केली, आणि आप्पा एकेक गॅलन मोजून ओततील तशी मी पेन्सिलीनं खूण करत गेले. खुणा सारख्या अंतरावर आल्या नाहीत. पहिल्या दोन गॅलनांना काटा जेमतेम हलला. मी त्या होत्या तशाच ठेवल्या. जुनी इंग्रजी अक्षरं खरवडली, पांढरा रंग दिला आणि तो वाळल्यावर काळ्या रंगानं उजवीकडून डावीकडं लिहिलं: रिकामी, पाव, अर्धी, भरली. बॅटरीच्या काट्यावर एका बाजूला 'भरतंय' आणि दुसऱ्या बाजूला 'उतरतंय'.

मराठी अक्षरांची मोटार बघून क्लबातले लोक हसतील असं यांना वाटलं. मी विचारलं, मोटार चालवताना ते वाचायचं कुणी? आप्पांनी, असं हे म्हणाले, आणि तो विषय तिथंच संपला. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. मराठी ते एकेक अक्षर लावून वाचायचे.

दिव्यात मात्र माझी चूक झाली. फळीवर उघडा दिवा लावला तर त्याचा उजेड समोरच्या काचेवर पडून आप्पांना रस्ता दिसेना. तपकिरीचा डबा कापून त्याचं टोपण केलं, तेव्हा उजेड नुसता काट्यांवर पडू लागला. दुसरा दिवा मागच्या सीटवर, छताला लावला आणि यांच्या हाताशी बटण दिलं.

महिन्याभरात संकेश्वरकडचा एक माणूस यांनी मोटारीतून बेळगावला आणला. ऊस तोडताना कोयता पायाला लागला होता. पट्टी बांधून निघाले तोवर दिवस मावळला. वाटेत यांनी सहज बटण दाबलं तर पट्टी भिजून सीटवर रक्त उतरलेलं. तो माणूस एका शब्दानं बोलला नव्हता. मोटार थांबवून त्याच उजेडात यांनी शीर दाबून पुन्हा बांधलं. तो वाचला. घरी आल्यावर हे बराच वेळ हात धूत राहिले. मग एवढंच म्हणाले, "दिवा नसता तर मला कळलं नसतं."

आप्पांनी ही तबकडी मोटारींच्या अड्ड्यावर साऱ्यांना दाखवली. थोड्याच दिवसांत निपाणीच्या रस्त्यावर उतारूंच्या सर्व्हिस मोटारी चालवणाऱ्या मालकानं आपल्या तीन गाड्यांचे काटे पाठवले, आणि माजघरात खिडकीपाशी माझं टेबल लागलं. त्यातल्या एका ड्रायव्हरला कानडी अक्षरं हवी होती. मला कानडी बोलता यायचं, लिहिता नाही. शेजारच्या बाईंनी चार शब्द कागदावर लिहून दिले, मी ते बघून काढले. त्यांनी भिंगातून तपासले, एका अक्षराची शेपटी लांबवायला सांगितली. मी लांबवली आणि तबकडी उन्हात वाळत ठेवली.